दारूचे दुकान कुठे असावे, हे कोणी ठरवायचे?

गोव्यात दारूवर चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत ती 'दारू चांगली की वाईट' यावर येते आणि तिथेच बसकण मारते. एकजण फेणीचा वारसा काढतो, दुसरा दारूपायी धुळीला मिळालेली घरे मोजून दाखवतो. दोघांचेही खरे असते. पण ज्यावरून चर्चेला तोंड फुटलेले असते, म्हणजे शाळेच्या वाटेवर आणखी एक वाईन शॉप कशाला, तो मुद्दा तोवर बाजूला पडलेला असतो. महिन्याभरात फलक लागतो, शटर वर जाते, आणि विरोध करणारे "आता काय उपयोग" म्हणून आपापल्या कामाला लागतात.

माझे म्हणणे एवढेच आहे. दारू विकायची की नाही हे राज्याने केव्हाच ठरवलेले आहे. तो निर्णय बदलेल असे दिसत नाही, बदलावा असेही मला वाटत नाही. पण छोट्या शहरात दुकाने किती असावीत, कुठे असावीत आणि कोणत्या अटींवर चालावीत हे त्या शहराने ठरवावे, उघड सभेत ठरवावे, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासून पाहावे.

दारूबंदीचा विषय आधीच निकालात काढलेला बरा. ज्या मुलखात फाल्गुन-चैत्रात काजूच्या बोंडूंचा वास वाड्यावाड्यांवर दरवळतो, काजूच्या झोनांची पावणी म्हणजे लिलाव होतो आणि हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, कधी निघणार याची घरोघरी चौकशी चालते, तिथे बंदीची भाषा कोणी ऐकून घेणार नाही. 1878 च्या अँग्लो-पोर्तुगीज कराराने ब्रिटिशांची अबकारी, म्हणजे दारूवरच्या कराची पद्धत, इथे आणली, तेव्हा माडी काढायला माडावर चढणाऱ्या रेंदेरांना तिचा चटका बसला होता. तो करार 1892 मध्ये संपला. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, व्रताच्या दिवसांत दारूला शिवत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कोणी कायदा शिकवायला जात नाही. पिणे आणि न पिणे या दोन्हींची रीत या समाजाला ठाऊक आहे.

तरीही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातले 15 वर्षांवरील साधारण 37 टक्के पुरुष दारू पितात असे आढळले. देशाची सरासरी 19 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की गोव्यातले शंभरातले साठाहून अधिक पुरुष आणि बहुसंख्य स्त्रिया पीत नाहीत. पर्यटकाच्या डोक्यातल्या गोव्यापेक्षा खरा गोवा बराच कोरडा आहे. परवाने वाटताना मात्र या कोरड्या बहुमताला कोणी विचारत नाही.

परवान्याचा कायदा 1964 चा. गोवा, दमण आणि दीव अबकारी शुल्क कायदा या नावाने तो झाला. अर्ज अबकारी खात्याकडे, पाहणी तालुक्याच्या अबकारी कार्यालयाची, सोबत पालिकेचा किंवा पंचायतीचा ना हरकत दाखला. कागदावर पाहिले तर गावाचे मत घेतलेले आहे. प्रत्यक्षात काय होते ते पालिकेच्या बैठकीला कधी बसला असाल तर माहीत असेल. विषयपत्रिकेवर गटार, पथदीप, बाजारातल्या सोपोची, म्हणजे विक्रेत्यांकडून घ्यायच्या जागेच्या कराची, थकबाकी. त्यावर तीन तास भांडण. दुपार टळते, निम्मे नगरसेवक मोबाईल बघत असतात, आणि मग 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय'. त्यात घरक्रमांक इतका, दुकान क्रमांक इतका, व्यवसायास ना हरकत. कोणता व्यवसाय हे मोठ्याने वाचले जाईलच असे नाही. कोणी विचारलेच तर "अबकारीवाले बघतील हो, आपला फक्त दाखला" असे उत्तर येते. आणि अबकारी कार्यालयात गेलात तर तिथे सांगतात, पालिकेची हरकत नाही, मग आम्ही कसे अडवणार? दोन खाती एकमेकांच्या खांद्यावर बंदूक ठेवून उभी, आणि मधून दुकान सहीसलामत आत.

एकदा आत आले की ते कायमचे. शुल्क भरले की नूतनीकरण. शेजाऱ्यांच्या तक्रारी किती आल्या, परवाना ज्याच्या नावावर तोच दुकान चालवतो का, समोरच्या ओहोळात काय पडलेले असते, यातले काही नूतनीकरणाच्या वेळी कोणी पाहायला येते असे गावाला तरी जाणवत नाही. परवाना ही घराण्याची मालमत्ता होऊन बसली आहे. बापाकडून मुलाकडे जाते, महिन्याच्या भाड्याने परक्याला दिली जाते. परवानाधारक वारल्यानंतरही त्याच्या नावाने नूतनीकरण झाल्याची तक्रार 2022 मध्ये देशभर गाजली. बाहेरच्यांना तिचे नवल वाटले, गोव्यात कोणाची भुवई फारशी वर गेली नाही.

2017 च्या सुमारास राज्यात दारूविक्रीचे अकरा-बारा हजार परवाने होते. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर. म्हणजे तान्ही पोरे धरून साधारण सव्वाशे माणसांमागे एक परवाना. यात किनारपट्टीची हॉटेले आणि शॅक आले, पर्यटकांचा हिशेब वेगळा, हे मान्य. म्हणूनच मी कळंगुटबद्दल बोलत नाही. डिचोली, साखळी, वाळपई, सांगे, केपे अशा ठिकाणांबद्दल बोलतो आहे, जिथे पर्यटक रस्ता चुकला तरच थांबतो. खाणी चालू होत्या तेव्हा यातल्या काही गावांत ट्रकांच्या रांगांबरोबर बारही वाढले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक गेले. परवाने कुठे जातात?

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात, कारण आपण सगळ्याला एकच 'दारूचे दुकान' म्हणतो. एक जुने तावेर्न. दोन बाकडी, टेबलावर उकडलेली अंडी आणि चणे, मागे वेताने मढवलेल्या मोठ्या बाटलीत फेणी. मालक गिऱ्हाईकाला नावाने ओळखतो, त्याच्या बायकोला ओळखतो, त्याची उधारी किती हेही त्याला पाठ असते. दुसरा पेला संपला की "पुरो आतां, घरा वच" म्हणणारा तोच असतो. त्याला धंदा हवा असतो, पण उद्या सकाळी त्याच रस्त्यावर त्याच बाईसमोरून जायचेही असते. मी तावेर्नांचे गोडवे गात नाही. तिथेही माणसे बरबाद झाली आहेत. पण तिथे निदान चार भिंती आहेत, आणि आत जे होते त्याला उत्तरदायी एक माणूस आहे.

दुसरे म्हणजे बंद बाटलीचे दुकान. काउंटर, मागे उजेडात चमकणारी मांडणी, पगारी मुलगा, दोन मिनिटांत व्यवहार. या परवान्याला बसायची जागा लागत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. गिऱ्हाईक बाटली घेऊन कुठेतरी बसणारच, आणि ती जागा गाव पुरवते. बसस्थानकामागची मोरी, शाळेच्या कुंपणाची मागची बाजू, पार्क केलेल्या गाडीची सीट, तळीच्या पायऱ्या. शेजारच्या गाड्यावर प्लास्टिकचे पेले, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची पुडी एकत्र मिळू लागली की समजावे, बैठक कायमची झाली. संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुली त्या पट्ट्यात रस्ता ओलांडून पलीकडून चालतात. त्यांना कोणी काही बोललेले नसते, त्यामुळे तक्रार कसली करणार? आणि सकाळी रिकाम्या बाटल्या शेतात. पावसाळ्यात लावणीला चिखलात उतरलेल्या बाईच्या तळपायात काच गेली, तर त्या काचेवर परवाना क्रमांक लिहिलेला नसतो.

किनाऱ्यावर दारू पिणे थांबावे म्हणून 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा एकट्याला 2,000 रुपये, टोळक्याला 10,000 रुपये दंड ठरला. चांगले झाले. शेताच्या बांधावर मात्र पोलीस फिरकत नाही, कारण तिथे पर्यटकही फिरकत नाही.

सीमेवरच्या दुकानांची तर गोष्टच निराळी. डिचोली तालुक्यातून दोडामार्गाच्या बाजूला जा, किंवा पेडण्यातून पत्रादेवीकडे. तिथल्या दुकानांचे बरेचसे गिऱ्हाईक त्या गावचे नसतेच. आपल्याकडे शुल्क कमी, पलीकडे जास्त, त्यामुळे माल तिकडे जातो. सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत 'गोवा बनावटीची दारू जप्त' हा मथळा आठवड्यात कधी ना कधी दिसतोच. अशा दुकानाचा फायदा कोणाला आणि वर्दळ कोणाच्या दारात, हा हिशेब त्या गावाने मांडायला नको का?

गावाला न विचारता किती उलथापालथ होऊ शकते, हे 2016 ते 2018 या काळात आपण पाहिले. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. हेतू अपघात कमी करण्याचा, त्याबद्दल दुमत नाही. मार्च 2017 मध्ये 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटर झाले. गोव्यासारख्या चिंचोळ्या राज्यात महामार्गापासून दूर असे असते तरी काय? तीन हजारांच्या आसपास परवान्यांवर गदा आली. जुलै 2017 मध्ये पालिका क्षेत्रांना सूट मिळाली, फेब्रुवारी 2018 मध्ये पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला, आणि आपल्याकडे गाडी पुन्हा रुळावर आली. या वर्षभरात पन्नास वर्षांचे निरुपद्रवी तावेर्न आणि कालचे त्रासदायक दुकान एकाच टेपने मोजले गेले. दोन्ही बंद, मग दोन्ही चालू. त्यातला फरक जे सांगू शकले असते ते शेजारी, त्यांना कोणी बोलावलेच नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात गावाला विचारायची एक पद्धत आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. कित्येक गावांतल्या बायकांनी धमक्या सोसून हे करून दाखवले आहे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे मला वाटत नाही. तिथे प्रश्न एकच आहे, हवे की नको. अर्ध्या गावाला विचारून उरलेल्या अर्ध्यावर निर्णय लादला जातो, आणि गैरहजर राहिलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. शिवाय अमुक दुकान बसस्थानकाजवळून हलवा, तमुक ठिकाणचे रात्री लवकर बंद करा, असे म्हणायची सोयच नाही. आपला प्रश्न बहुतेक वेळा याच मधल्या पट्ट्यातला असतो.

आणखी एक उदाहरण कायद्यातच आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार देण्याची तरतूद केली. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण राज्यात अनुसूचित क्षेत्र घोषित नाही, म्हणून तो कायदा इथे लागत नाही. सांगे-काणकोणच्या ग्रामसभेने बारविरुद्ध ठराव घेतला तर तो विनंती म्हणून वर जातो. स्थानिक सभेने दारूच्या विक्रीवर बोलणे हे संसदेला गैर वाटलेले नाही, एवढे तरी यावरून दिसते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पालिकेने प्रभागवार कमाल संख्या ठरवावी, आणि बसून पिण्याची जागा व बंद बाटलीचे दुकान यांची गणती वेगळी ठेवावी. एखाद्या प्रभागाला चार तावेर्न सोसतील आणि दुसरे बाटलीचे दुकान सोसणार नाही. दुसरी गोष्ट जाहीर सूचनेची. ज्या गाळ्यात दुकान येणार त्याच्या शटरवर महिनाभर मराठी आणि कोकणीत ठळक फलक हवा: इथे अमुक प्रकारच्या दारूविक्रीसाठी अर्ज आला आहे, हरकती अमुक तारखेपर्यंत. त्यानंतर सुनावणी, आणि दाखला दिला किंवा नाकारला तरी कारण लेखी. 'ना हरकत' हे दोन शब्द कारण होऊ शकत नाहीत. शाळा-देवळापासून शंभर मीटर या अटीवर आपली सगळी भिस्त आहे, पण मीटर कुठून मोजायचे, दारापासून की कुंपणापासून, सरळ रेषेत की रस्त्याने, यावर भांडत बसण्यापेक्षा शाळेच्या पालक-शिक्षक संघाला समोर बसवून ऐकून घेणे जास्त उपयोगी.

सर्वात महत्त्वाचे नूतनीकरण. दर तीन वर्षांनी प्रत्येक परवान्याची खरी तपासणी व्हावी. परवानाधारक स्वतः धंदा करतो का, पोलीस ठाण्यात किती वेळा नाव आले, दुकानासमोरचा शंभर पावलांचा पट्टा कोण साफ करतो. बंद बाटली विकणाऱ्यावर त्या पट्ट्याच्या सफाईची जबाबदारी अट म्हणून घालायला काय हरकत आहे? चालू धंदा एका रात्रीत बंद करा असे मी म्हणत नाही. त्यावर पोटे आहेत. पण परवानाधारक वारला, दुकान विकले, परवाना भाड्याने गेला, की तो आपोआप पुढे सरकू नये. जागा रिकामी झाली असे धरावे, आणि ती भरायची की नाही हे प्रभागाच्या संख्येवरून ठरावे. दारूच्या धंद्याला मूलभूत हक्काचे कवच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे 'आमच्या हक्कावर गदा' ही ओरड टिकणारी नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप ठाऊक आहे: नगरसेवकांच्या हातात आणखी अधिकार दिलेत तर दाखल्याचा दर तेवढा वाढेल. भीती खोटी नाही. पण दाखला आजही त्यांच्याच हातात आहे, आणि त्याची किंमत आज बंद खोलीत ठरत असेल तर त्याचे कारण अधिकार जास्त असणे हे नव्हे. पन्नास माणसांसमोर, इतिवृत्तात नावानिशी, कारण लिहून हात वर करणे हे वेगळे काम आहे. त्या कारणाविरुद्ध अपील करता येते. नुसत्या 'ना हरकत'विरुद्ध कशाचे अपील करणार?

दुसरा आक्षेप चोरट्या विक्रीचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. दुकाने फार कमी केली की माल मागच्या दाराने येतो. चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठवावी लागली, त्याच्या कारणांत हे ठळक होते. म्हणून शून्य हा आकडा मी सुचवत नाही. प्रभागाने संख्या ठरवताना आपल्याकडे आज चोरून किती विकले जाते हेही मोकळेपणाने बोलावे. किराणा दुकानाच्या फडताळामागे काय असते हे छोट्या गावात कोणाला माहीत नसते?

आणि पिणाऱ्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचा इलाज दुकानाच्या नकाशात नाही, आरोग्य केंद्रात आहे, आणि तो गोव्यातच तपासला गेला आहे. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी, अति पिणाऱ्या पुरुषांना मोजक्या भेटींत मदत करण्याची पद्धत वापरून पाहिली. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले 26 टक्के. परवाना शुल्कातून पालिकांना काही वाटा द्यायचाच असेल तर तो अशा कामाला बांधून द्यावा. परवान्यांच्या संख्येवर वाटा दिला तर पालिकाच उद्या दुकाने मागू लागेल.

यातले पुष्कळसे आजच्या कायद्यात बसते. दाखला पालिकेचा, मग तो देण्यापूर्वी फलक लावू आणि सुनावणी घेऊ असा ठराव पालिकेला पुढच्याच बैठकीत घेता येतो. अडणार आहे ते दुसरीकडेच. आपली छोटी शहरे इतकी छोटी आहेत की पालिकेची हद्द चालत ओलांडता येते. पालिकेने कडक धोरण घेतले की दुकान दोनशे मीटर पुढे, शेजारच्या पंचायतीत उघडेल. गिऱ्हाईक तेच, बाटल्या त्याच ओहोळात, आणि हरकत घ्यायला गेलात तर "तुमची हद्द नव्हे". म्हणून प्रभागाचा आकडा ठरवताना शहराला लागून असलेल्या पंचायतींना त्याच टेबलावर बसवावे लागेल, आणि हद्दीजवळच्या प्रत्येक अर्जाची सूचना दोन्हीकडे लावण्याची सक्ती अबकारी खात्याने करावी लागेल. तालुक्यातले सगळे परवाने, प्रकार आणि पत्त्यासह, एका नकाशावर मांडून पालिकेच्या भिंतीवर टांगायला तर कोणत्याच दुरुस्तीची वाट बघायला नको. माहिती अबकारी कार्यालयाकडे आहेच.